औषधांचा व्यापार आणि साम्राज्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत आणि जुन्या गावात काष्ठौषधींची दुकानेही अजून टिकून आहेत. त्यामुळे औषधांच्या इतिहासाचा विषय निघाला की इथले विद्यार्थी, वैद्य, औषधविक्रेते आणि जिज्ञासू वाचक बरेचदा तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

औषधांचा साम्राज्याशी संबंध काय? औषध तर रोग्यासाठी असते.

औषध रोग्यासाठी असते हे खरे. परंतु ते रोग्यापर्यंत पोहोचण्याआधी कोणीतरी ती वनस्पती गोळा करतो, कोणीतरी गलबतात भरतो, कोणीतरी तिच्यावर जकात घेतो आणि कोणीतरी तिचा भाव ठरवतो. सोळाव्या शतकापासून ही कामे हळूहळू राजसत्तेच्या किंवा राजसनद मिळालेल्या कंपन्यांच्या हाती गेली. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली आणि डच कंपनी १६०२ साली स्थापन झाली, तेव्हा त्यांना हव्या असलेल्या मालात मिरी, लवंग, जायफळ हे पदार्थ अग्रभागी होते आणि त्या काळच्या युरोपात हे पदार्थ स्वयंपाकघराइतकेच औषधांच्या दुकानातही विकले जात. या सगळ्या इतिहासात माझ्या मते एक गोष्ट सतत दिसते : एखाद्या वनस्पतीचा गुण कोणाला ठाऊक आहे यापेक्षा तिचा पुरवठा कोणाच्या मुठीत आहे, यावर तिचा भाव आणि तिचा लाभार्थी ठरत आला आहे. पुढची बहुतेक उत्तरे या ना त्या मार्गाने याच मुद्द्याकडे येतात.

इंग्रज येण्यापूर्वी आपली औषधे पूर्णपणे इथलीच होती का?

नव्हती. हा समज फार पसरलेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. भद्रकाली किंवा रविवार कारंज्याच्या बाजूच्या एखाद्या जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात उभे राहून खणांवरची नावे वाचावीत. हिरडा, बेहडा, गुळवेल, अडुळसा ही आपल्या रानातली. पण त्यांच्या शेजारच्या खणातला ज्येष्ठमध इराण-अफगाणिस्तानाकडून येतो, हिंगाचा खडाही तिकडचाच. जायफळ आणि लवंग मूळचे आजच्या इंडोनेशियातील बेटांवरचे, कंकोळ जावाकडचे. दुकानदार पुडी बांधताना यातला कोणता जिन्नस परका आणि कोणता आपला असा भेद करत नाही, आणि शेकडो वर्षे कोणीच केला नाही.

याहून बोलका दाखला चोपचिनीचा आहे. उपदंश हा रोग पोर्तुगीजांबरोबर आला म्हणून आपल्याकडे त्याला फिरंगरोग म्हटले गेले, आणि त्यावरचा उपाय म्हणून चीनकडून चोपचिनीचे मूळ येऊ लागले. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या संस्कृत ग्रंथात हा रोग आणि हे औषध दोन्ही नोंदलेले आहेत. अफूसुद्धा प्राचीन संहितांत नाही. ती मध्ययुगात पश्चिमेकडून आली आणि मगच अहिफेन या नावाने वैद्यांच्या योगांत बसली. तेव्हा परदेशी माल येत होताच. फरक असा, की तो अनेक बंदरांतून, अनेक व्यापाऱ्यांच्या हातून येत होता आणि कोणा एकाला तो अडवून धरता येत नव्हता.

मग पोर्तुगीज आणि डच यांनी नेमके काय बदलले?

डचांनी काय केले ते बांदा बेटांवर स्पष्ट दिसते. जायफळ तेव्हा जगात फक्त या बेटांवर पिकत असे, आणि युरोपात ते प्लेगवरही गुणकारी मानले जाई. मक्ता पक्का करण्यासाठी १६२१ साली यान पीटरझोन कून याच्या नेतृत्वाखाली डच कंपनीने ती बेटे जिंकली. तिथली बहुसंख्य वस्ती मारली गेली, गुलाम केली गेली किंवा परागंदा झाली, आणि गुलामांच्या श्रमावर जायफळाच्या बागा चालवल्या गेल्या.

पोर्तुगीजांची गोष्ट वेगळी आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जवळची आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. त्याने अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार केले, त्याच्या दरबारातील हकिमांशी औषधांविषयी चर्चा केल्या, आणि मुंबईचे बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. नाशिकचा मुलूख त्या काळी निजामशाहीतच होता. हिंदुस्थानातील औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. चारच वर्षांनी त्याचा लॅटिन संक्षेप युरोपात निघाला आणि इथल्या वैद्य-हकिमांकडून मिळालेली माहिती तिथल्या विद्वानांच्या हाती गेली. ओर्ता मूळचा यहुदी घराण्यातला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, धर्मन्यायसभेने (इन्क्विझिशनने) त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ज्या राजवटीने त्याच्या ज्ञानाचा उपयोग केला, तिनेच हे केले.

मलबारातील वनस्पतींवरचा बारा खंडांचा हॉर्टस मलाबारिकस हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. तो डच अधिकारी व्हॅन रीड याच्या नावावर आहे, पण त्यातील माहितीचा मोठा भाग इट्टी अच्युतन या इळवा वैद्याचा आहे. निदान त्याचे नाव ग्रंथात छापले गेले; बहुतेकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

कंपनी सरकार स्वतःच्या लोकांसाठी औषधे कुठून आणत असे?

प्रामुख्याने लंडनहून. तिथल्या औषधविक्रेत्यांच्या जुन्या संघाकडे अठराव्या शतकात कंपनीला औषधे पुरवण्याचे काम होते, आणि मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील सरकारी औषधभांडारांतून ती छावण्यांकडे जात. पुरवठा सर्वांत आधी लष्कराचा असे, हे लक्षात ठेवावे. कंपनीचा अंमल गेल्यावरही, मुंबईत उतरलेल्या गोऱ्या पलटणी ज्या देवळालीच्या छावणीत येऊन थांबत, तिथल्या रुग्णालयाची गरज आधी आणि आसपासच्या गावांची नंतर, असाच तो क्रम होता. खासगी दुकाने पुढे आली. मुंबईतील केम्प्स कॉर्नर हे नाव अशाच एका इंग्रज औषधविक्रेत्या पेढीचे आहे.

कोयनेलला साम्राज्याचे औषध का म्हणतात?

कारण कोयनेलशिवाय उष्ण प्रदेशांतील लष्कर, चहामळे आणि रेल्वेची कामे चालवणे फार अवघड झाले असते. हिवतापावरचा हा उपाय दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात वाढणाऱ्या सिंकोना झाडाच्या सालीत आहे. सतराव्या शतकात जेसुइट पाद्र्यांमार्फत ती साल युरोपात पोहोचली. १८२० साली पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून क्विनीन, म्हणजेच कोयनेल, वेगळे केले, आणि तेव्हापासून साल किती आहे यापेक्षा तिच्यात क्विनीन किती आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

अँडीजमधील नव्या प्रजासत्ताकांना आपला हा माल हातचा जाऊ द्यायचा नव्हता, आणि इंग्रज व डच सरकारांना तोच आपापल्या वसाहतींत लावायचा होता. क्लेमंट्स मार्कहॅम याने १८६० च्या सुमारास रोपे आणि बिया बाहेर काढण्याची मोहीम चालवली आणि निलगिरीत उटकमंडला, नंतर दार्जिलिंगजवळ मुंगपू येथे सरकारी लागवडी झाल्या. परंतु इंग्रजांच्या हाती आलेल्या मुख्य जातीत क्विनीन कमी होते. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याला त्याचा बोलिव्हियातील आयमारा सहकारी मान्वेल इंक्रा मामानी याने अत्युत्तम जातीचे बियाणे मिळवून दिले. इंग्रज सरकारने त्यात रस दाखवला नाही. १८६५ साली डचांनी त्यातला काही भाग अगदी थोड्या पैशांत घेतला. जावात ती झाडे वाढली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जगातील क्विनीनचा नव्वद टक्क्यांच्या आसपासचा पुरवठा एकट्या जावातून होऊ लागला. मामानीला मात्र बियाणे बाहेर दिल्याबद्दल पकडून इतका मार देण्यात आला की त्यातच त्याचा अंत झाला. नाव झाले लेजरचे. त्या जातीला शास्त्रीय नावही त्याचेच मिळाले.

हिंदुस्थानातल्या सामान्य माणसाला यातून काय मिळाले? अगदीच काही नाही असे नव्हे. मुंगपूला सालीतील क्विनीनसारख्या सर्व औषधी द्रव्यांचे (अल्काभांचे) स्वस्त मिश्रण तयार होऊ लागले, आणि १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून एका पैशाला कोयनेलची एक पुडी विकली जाऊ लागली. ही पद्धत पुढे इतर प्रांतांतही गेली. कल्पना उत्तम होती. मात्र हिवतापाने पछाडलेल्या एवढ्या मोठ्या देशाच्या गरजेपुढे उत्पादन फारच तुटपुंजे होते, आणि उरलेले कोयनेल डचांच्या भावाने घ्यावे लागे. १९४२ साली जपानने जावा घेतले तेव्हा हा एकाच बेटावरचा भरवसा किती धोक्याचा होता ते जगाला कळले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात उपासमारीबरोबर हिवतापानेही माणसे मेली, त्या वेळी कोयनेल मिळत नव्हते.

जिन आणि टॉनिक हे पेय हिवतापासाठीच निघाले, हे खरे का?

कडू क्विनीन गोड सोड्यात आणि दारूत मिसळून घेण्याची सवय वसाहतींतील गोऱ्यांना होती, एवढे खरे. आजच्या टॉनिक पाण्यात क्विनीन केवळ चवीपुरते असते. त्याने हिवताप टळत नाही.

अफू हे औषध होते की व्यापारी माल?

दोन्ही, आणि इथे दोन्हींच्या मधली रेषा राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीने ओढली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन औषधविक्रेता सर्ट्युर्नर याने अफूतून मॉर्फीन वेगळे केले. वेदनाशमनासाठी आणि अतिसारासाठी अफूइतके खात्रीचे औषध तेव्हा दुसरे नव्हते. क्लोरोडाइन नावाचे प्रसिद्ध पेटंट औषध हिंदुस्थानातील लष्करी डॉक्टर कॉलिस ब्राउन याने पटकीवर उपाय म्हणून तयार केले होते. त्यात अफूचा अर्क, गांजा आणि क्लोरोफॉर्म असे तिन्ही होते. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना झोप लागावी म्हणून अफूची बाळागोळी देत, हे तर पुढे सरकारी चौकशीतही नोंदले गेले.

पण कंपनीला अफू हवी होती ती चीनचा चहा विकत घेण्यासाठी. १७७३ पासून बंगाल-बिहारची अफू कंपनीच्या मक्त्यात होती. पाटणा आणि गाझीपूर येथे ती तयार होई, कलकत्त्याला लिलावात विकली जाई आणि खासगी व्यापारी ती चीनमध्ये चोरून नेत. चीनने अटकाव केला तेव्हा १८३९ ते १८४२ आणि १८५६ ते १८६० अशी दोन युद्धे झाली.

आपल्या बाजूची अफू माळव्याची. ती संस्थानी मुलखात पिकत असल्याने तिच्यावर कंपनीचा मक्ता नव्हता, आणि इंग्रजांची जकात चुकवून ती दमण किंवा कराचीच्या वाटेने बाहेर पडत असे. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतला, कराचीची वाट बंद झाली आणि माळव्याच्या पेट्यांना मुंबई हाच मार्ग उरला. त्यानंतर दर पेटीवरचा परवाना कर वाढतच गेला. इंदूरहून मुंबईला येणारा जुना आग्रा रस्ता नाशिकवरून जातो. द्वारका चौकातून ओझरकडे जाताना आज ज्या महामार्गावर द्राक्षांचे आणि कांद्याचे ट्रक दिसतात, तोच हा माळव्याला मुंबईशी जोडणारा रस्ता आहे. अफूवर मिळणारा पैसा हा हिंदुस्थान सरकारच्या सर्वांत मोठ्या उत्पन्नांपैकी एक होता. १८९३ साली नेमलेल्या शाही आयोगाने या व्यापाराला जवळजवळ निर्दोष ठरवले, यात मला तरी नवल वाटत नाही. चीनकडे जाणारी निर्यात अखेर १९१३ साली थांबली. गाझीपूरचा कारखाना मात्र आजही सरकारी मालकीचा आहे आणि औषधांसाठी लागणारी अफू तिथे हाताळली जाते.

मुंबईतील मोठी रुग्णालये अफूच्या पैशातून उभी राहिली, असे म्हणणे योग्य आहे का?

सर जमशेटजी जिजीभॉय यांची संपत्ती चीनच्या व्यापारातून आली आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफू होती, ही नोंदलेली गोष्ट आहे. त्यांच्याच देणगीतून जे. जे. रुग्णालय उभे राहिले आणि त्याला जोडून १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. भाऊ दाजी लाड हे तिथल्या पहिल्या तुकडीतले पदवीधर. पुढे त्यांनी कुष्ठरोगावर कडू कवठाच्या तेलाचे प्रयोग केले आणि गोरगरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. देणगीचा उगम सांगितल्याने भाऊ दाजींचे काम लहान होत नाही, आणि त्यांचे काम मोठे म्हणून उगम लपवण्याचेही कारण नाही.

देवीची आणि प्लेगची लस हीसुद्धा व्यापाराचाच भाग होती का?

व्यापाराचा नव्हे, पण राज्यकारभाराचा निश्चितच. देवीची लस १८०२ साली बगदाद-बसऱ्याच्या वाटेने, एका माणसाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत, मुंबईला पोहोचली आणि त्या वर्षीच्या १४ जूनला ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट महाविद्यालयातील छोट्या प्रयोगशाळेत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षीच्या साथरोग कायद्याने सरकारला घरे तपासण्याचे आणि माणसे वेगळी काढण्याचे अमर्याद अधिकार मिळाले. पुण्यात त्याचा शेवट रँडच्या वधात झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. नाशिक जिल्ह्यानेही प्लेग जवळून पाहिला. भगूरला १८९९ साली दामोदरपंत सावरकर प्लेगनेच गेले.

लोक लशीला भीत होते ते निव्वळ अज्ञानामुळे, असे म्हणणे अन्यायाचे आहे. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिन यांच्यावर ठेवून त्यांना पदावरून दूर केले गेले, आणि ती बाटली गावात उघडतानाच दूषित झाली असावी, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

इंग्रजांनी आयुर्वेद दडपला का?

एका शब्दात उत्तर देता येत नाही. इथल्या वनस्पतींत सरकारला भरपूर रस होता, कारण लंडनहून येणारे औषध महाग पडे आणि वाटेत खराबही होई. म्हणून १८६८ साली हिंदुस्थानची औषधसंहिता निघाली. मुंबईच्या सरकारी औषधभांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक यांनी बाजारातील औषधींवर मोठे ग्रंथ लिहिले. डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ साली मुंबईच्या बाजारातील औषधींची सूची छापली आणि पुढे कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी औषधी वनस्पतींवर आयुष्यभर काम केले. ही सगळी मंडळी वनस्पती स्वीकारत होती. वैद्याचे निदान आणि त्याचे शास्त्र मात्र अधिकृत चौकटीबाहेरच राहिले.

खरा घाव पडला तो नोंदणीच्या कायद्याने. १९१२ साली मुंबई प्रांतात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला, त्यात वैद्य-हकिमांना स्थान नव्हते. त्यांना कायदेशीर नोंदणी मिळाली ती १९३८ च्या कायद्यानंतर. मधल्या काळात वैद्यांनी कारखानदारीची वाट धरली. पनवेलचे धूतपापेश्वर १८७२ चे, कलकत्त्याचे डाबर १८८४ चे, मुंबईचे झंडू १९१० चे. वैद्याच्या घरी खलात घोटली जाणारी मात्रा बाटलीत आली, तिच्यावर चिठ्ठी लागली आणि ती रेल्वेने गावोगावी जाऊ लागली. हा बदल आयुर्वेदाला तारणारा ठरला असे काही मानतात. माझ्या मते त्याने औषध तारले आणि वैद्य मागे पडला.

नाशिकच्या पश्चिमेकडील जंगलांचा यात काय संबंध?

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पट्ट्यातील कोकणा, वारली, महादेव कोळी लोक हिरडा, बेहडा, मध, डिंक पिढ्यान्पिढ्या गोळा करत आले आहेत. सह्याद्रीतील हिरड्याला मुंबईच्या बंदरातून मोठी मागणी होती, ती औषधापेक्षा कातडी कमावण्यासाठी अधिक. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले सरकारची झाली, आणि जे गोळा करणे हा हक्क होता ती सवलत ठरली, तीही केव्हाही काढून घेता येईल अशी. गौण वनोपजावरची मालकी कायद्याने परत मिळायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. काष्ठौषधीच्या दुकानातला भाव आणि पाड्यावर हिरडा वेचणाऱ्या बाईला मिळणारा भाव यांतील अंतर आजही पाहण्यासारखे आहे.

औषधांवर सरकारी नियंत्रण केव्हा आले?

फार उशिरा. कोयनेलसारख्या जीवनावश्यक औषधातही भेसळ होत होती आणि परदेशातून निकृष्ट माल येत होता, तरी ती रोखणारा देशव्यापी कायदा नव्हता. १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि औषध कायदा झाला तो १९४० साली.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले का?

हळूहळू. प्रफुल्लचंद्र राय यांचे बेंगॉल केमिकल आणि ख्वाजा अब्दुल हमीद यांची १९३५ सालची सिप्ला यांनी आधीच पाया घातला होता. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला. तरीही इंग्रजी अमलातील १९११ चा पेटंट कायदा चालूच होता. त्यात औषधावरच मक्ता मिळत असल्याने परदेशी कंपन्या पेटंट इथे घेत आणि माल बाहेरून आणून विकत. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालानंतर १९७० चा कायदा झाला. त्याने औषधाच्या पदार्थावरचे पेटंट काढून टाकले आणि केवळ प्रक्रियेवरचे, तेही थोड्या वर्षांचे, ठेवले. तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवण्याची मुभा मिळाली आणि देशी कारखाने फोफावले. २००१ साली एड्सवरची औषधे सिप्लाने दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी दराने देऊ केली, ती या मुभेमुळेच. जागतिक व्यापार कराराला अनुसरून २००५ साली पदार्थाचे पेटंट परत आले, मात्र जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट घेण्यास कायद्यात अटकाव ठेवला गेला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अटकाव एका मोठ्या स्विस कंपनीच्या विरोधात उचलून धरला.

हळदीच्या पेटंटचे काय झाले?

जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या कारकिर्दीत भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे सादर केले आणि १९९७ साली ते रद्द झाले.

आज नाशिकमध्ये तयार होणारे औषध पूर्णपणे देशी म्हणता येईल का?

गोळी इथे तयार होते, तिची तपासणी आणि बांधणी इथे होते, आणि ती इथून जगभर जाते. तिच्यातील मूळ रसायन मात्र पुष्कळदा चीनमधून येते. भारत आयात करत असलेल्या मूळ औषधद्रव्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश तिथून येतात. पेनिसिलिन-जी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. पिंपरीला आपण ते १९५० च्या दशकात बनवत होतो. पुढे चिनी कारखान्यांनी इतक्या कमी भावात विकले की देशातले उत्पादन बंद पडले. २०२० च्या आरंभी चीनमधील कारखाने थांबले तेव्हा इथले खरेदी विभाग चिंतेत पडले, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने मूळ औषधद्रव्यांच्या देशी उत्पादनासाठी प्रोत्साहन योजना जाहीर केली. त्यानंतर पेनिसिलिन-जीचे देशी उत्पादन पुन्हा सुरू झाले आहे, पण चिनी मालाच्या भावाशी त्याची स्पर्धा अजून चालू आहे.